डावीकडून येणारा उजेड

ओउलू शहरात नोव्हेंबरचा सूर्य
तीनलाच दुकान आवरतो.
मी तेव्हा चौथ्या मजल्यावर शिडी उघडत होतो,
आउने केत्तुनेन यांच्या बैठकीच्या खोलीत,
बूट दाराशी, पायांत लोकरी मोजे,
दातांत दोन स्क्रू.

खोलीत सामान असं नाहीच.
बर्चचं टेबल, दोन खुर्च्या; तिसरी कधी नव्हती.
एक लांबट बाक, वर राखाडी लोकर,
एकाच टोकाला बसून बसून गुळगुळीत.
चौसष्ट सालापासून इथे काही बदललं नाही
आणि काही जुनंही झालं नाही.
मी पुष्कळ घरं बघतो.
दोन हिवाळ्यांत शिळी होतात,
फोटोत बघून सजवलेली.

भाचीने, हेल्काने, नकाशा धाडला होता:
छताला बारा भोकं, बारा दिवे, सारखं अंतर.
मावशी अडखळून पडायला नको.
तिचं बरोबरच आहे.
पण सगळीकडे सारखा उजेड म्हणजे बिनमिठाची पेज,
पोट भरतं,
काय खाल्लं ते आठवत नाही.

भिंतीवर एकच चित्र.
बंदरात क्रेन चालवणाऱ्या वेइक्कोने
रविवारी रविवारी रंगवलेला गोठलेला समुद्र.
राखाडीवर राखाडी, दुसरं काही नाही.
मी छतातला पहिला दिवा लावून पाहिला,
उजेड समोरून पडला
आणि चित्र गप्प झालं,
चौकीत बसवलेल्या माणसासारखं.

मग सहज, हातातली बॅटरी
डावीकडून भिंतीला चिकटवून धरली
आणि बर्फ उठून बसला!
सुरीने ओढलेल्या रंगाच्या कडा,
जहाज फोडत गेलेली वाट,
तिच्यावर धरू पाहणारी नवी साय,
आणि खाली कोपऱ्यात
ओल्या रंगात रुतलेला एक अंगठा.

"अंगठा दिसला का?" बाईंनी विचारलं.
त्या तर खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

कॉफी ओतताना कपाच्या आत बोट का धरलं होतं
ते मला तेव्हा उमगलं.
"चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या,
"हेल्काला मी अर्धंच सांगितलंय."

टेबलावर लोंबणारा दुधी काचेचा दिवा,
आत साठ वॉटचा जुना बल्ब.
"तो तेवढा काढू नका.
संध्याकाळी बटण दाबते, खाली तळवा धरते.
ऊब आली की समजायचं, दिवेलागण झाली."

माझ्या पिशवीत नवे दिवे होते, थंड.
वीज एक दशांश, आयुष्य वीस वर्षं, उष्णता शून्य.
हा शून्य मी आजवर किती अभिमानाने सांगितला होता.

"मग चित्राला दिवा कशाला?"
विचारू नये ते विचारून बसलो.
"टपालवाली येते कधी आत. खालचा पोरगा येतो.
कुणी त्याच्यासमोर उभं राहिलं की मला ऐकू येतं.
आधी बोलणं थांबतं.
मग श्वास सुटतो.
आत्ता तुमचा सुटला तसा."

भिंतीत एकच भोक पाडलं,
डावीकडे, कमरेच्या उंचीवर.
बिलात लिहिलं: दिवा एक, परत अकरा.
छतातलं भोक लांबी भरून बुजवलं,
त्याचे पैसे कोण देणार ते हेल्काने ठरवावं.

गाडीत मागे एक जुना खोका होता,
साठ वॉटचे सहा, कुणी आता बनवत नाही.
पुन्हा चार जिने चढून
तो मोरीखालच्या कपाटात ठेवला.
बिलात नाही लिहिला.

एक बल्ब साधारण हजार तास.
रोजचे पाच तास धरले तर सहा बल्बांचे...
बाई एक्याऐंशीच्या.
गाडी सुरू केली,
काचेवरचा बर्फ खरवडायचा राहिला होता,
तो खरवडत बसलो.